जुने संसद भवन : डागडुजी की नवे घर?
(द्वितीय वर्ष, कला)

घर जुने झाले की डागडुजी करावी की नवे बांधावे, हा प्रश्न आमच्याही घरी पडला होता. गवंडीकाम करणारे आमचे अण्णा तेव्हा म्हणाले, "घर किती जुनं हाय ते मागनं बघू, आधी माणसं किती झाली ती मोज." राज्यशास्त्राच्या अभ्यासात दिल्लीच्या जुन्या संसद भवनाची माहिती वाचताना मला हे वाक्य वारंवार आठवले.

लट्यन्स व बेकर या वास्तुशिल्पज्ञांनी आखलेल्या या वर्तुळाकार इमारतीची कोनशिला १२ फेब्रुवारी १९२१ रोजी बसली आणि उद्‌घाटन १८ जानेवारी १९२७ रोजी झाले. भोवती १४४ दगडी खांब. पण तेव्हाच्या केंद्रीय विधिमंडळात सभासद अवघे १४५, आणि मताचा हक्क मालमत्ता असणाऱ्या मूठभरांनाच. माझ्या पणजोबांसारख्या शेतमजुराला त्या घरात स्थान नव्हते.

पुढे घर तेच राहिले, घरधनी बदलले. ९ डिसेंबर १९४६ पासून मध्यवर्ती सभागृहात घटना समिती बसली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळाले, लोकसभेच्या ४८९ जागांसाठी निवडणूक झाली, आणि १९५२ मध्ये ग. वा. मावळंकर पहिले सभापती झाले. संस्थानिकांसाठी बांधलेल्या दालनात १९५८ पर्यंत सर्वोच्च न्यायालय भरत असे. जागा अपुरी पडू लागल्याने १९५६ मध्ये इमारतीवर दोन मजले चढविण्यात आले.

तरीही दाटी वाढतच गेली. लोकसभेच्या जागा ५४३ झाल्या. जुन्या बांधकामात विजेच्या तारा, वातानुकूलन, आगीपासून संरक्षण यांची सोय करणे अवघड होते. शिवाय भूकंपाचा धोका होता. जुनीच वास्तू मजबूत करावी, असे काहींचे मत होते. अखेर शेजारी नवे भवन उभे राहिले. २८ मे २०२३ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. तेथील लोकसभेत ८८८ आसने आहेत. १९ सप्टेंबर २०२३ पासून संसदेचे कामकाज तेथे सुरू झाले व जुन्या वास्तूस 'संविधान सदन' हे नाव मिळाले.

आता खरा प्रश्न जुन्या घराचा आहे. नुसती रंगरंगोटी म्हणजे जतन नव्हे. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी संविधानाच्या पंच्याहत्तरीचा सोहळा तेथील मध्यवर्ती सभागृहात झाला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु वर्षातून एखादा सोहळा पुरेसा नाही. आमच्यासारख्या खेड्यातील विद्यार्थ्यांना तेथे जाऊन बसता आले, घटना कोठे घडली हे पाहता आले, तरच ती वास्तू जिवंत राहील.

आम्ही घरी जुने माजघर ठेवले आणि शेजारी दोन खोल्या काढल्या. माजघरात आजही चूल पेटते, म्हणून ते उभे आहे. अण्णा म्हणतात, "बंद घर लवकर पडतं."