आकाशातील शिकारी पक्षी : ओळख आणि बोध



ईयोबाच्या ग्रंथाच्या ३९ व्या अध्यायाच्या शेवटी (वचने २६ ते ३०) परमेश्वर ईयोबाला दोन पक्ष्यांविषयी विचारतो. एक, दक्षिणेकडे पंख पसरणारा ससाणा. दुसरा, उंच कड्यावर घरटे करून प्रेतांपाशी उतरणारा मोठा पक्षी. हे तुझ्या बुद्धीने वा आज्ञेने उडतात काय, असा तो प्रश्न आहे. आपण निदान त्यांना ओळखतो काय?

या अभ्यासास जयपूरजवळील कानोता धरणासारखे ठिकाण हिवाळ्यात सोयीचे असते. पाण्यावर पाखरे जमतात, त्यांच्यामागे शिकारी पक्षी येतात, आणि त्या ऋतूत उत्तरेकडचे पाहुणेही असतात. उडत्या पक्ष्याचा रंग उन्हात फसवतो. म्हणून प्रथम पंख व शेपटी पाहावी. शेपटी मध्ये खाचदार असेल, तर ती घार. पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब व पट्टेदार असेल, तर बहुधा शिक्रा. पंख अरुंद व टोकदार असतील, तर तो ससाण्याच्या कुळातला. लव्हाळ्यांवरून पंख किंचित वर धरून खालून तरंगत जाणारा तो भोवत्या; हा हिवाळी पाहुणा. पंख अतिशय रुंद, शेपटी आखूड, डोके व मान जवळजवळ पिसांविना, ते गिधाड. त्याला कुजलेल्या शवात मान घालावी लागते. तेथे पिसे असती तर ती घाणीने माखली असती.

आपल्या शास्त्रात ज्याला बहुधा गरुड म्हटले आहे, त्यासाठी मूळ इब्री शब्द ‘नेशेर’ असा आहे. मीखा १:१६ मध्ये शोक करणाऱ्याच्या टकलाला नेशेराची उपमा दिली आहे. गरुडाचे डोके तर पिसांनी झाकलेले असते! म्हणून हा शब्द गिधाडासही लागू होतो, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल, तर निर्गम १९:४ मधील इस्राएलाला वाहून आणणारे पंख कदाचित आपण तुच्छ लेखतो त्याच पक्ष्याचे आहेत.

लेवीय ११ मध्ये हे पक्षी खाण्यास मना केले आहे. त्यांना निरुपयोगी म्हटलेले नाही. ते किती उपयोगी होते, हे ते नाहीसे झाल्यावर आपल्याला कळले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध शवांतून गिधाडांच्या पोटात जाई व त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये जगापुढे मांडले गेले. २००६ मध्ये गुरांसाठी त्याचा वापर भारतात बंद करण्यात आला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही तशीच बंदी आली. दरम्यान शवे उघड्यावर कुजली आणि त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली.

औषध देणाऱ्याचा हेतू दयेचाच होता. परंतु सृष्टीची राखण करण्यास (उत्पत्ती २:१५) दयेबरोबर ज्ञानही लागते. तुमच्या घरी गुरे असतील, तर पशुवैद्याला औषधाचे नाव अवश्य विचारा.

मननासाठी प्रश्न : आपल्या गावावर आज कोणते शिकारी पक्षी उडतात? वडीलधाऱ्यांनी पाहिलेले कोणते आता दिसत नाहीत? मुलांसह शोध घ्या, आणि मग ईयोबाला विचारलेला तो प्रश्न पुन्हा वाचा.