घरचा संगणक वाय-फायवर उघडतो, मोबाईल डेटावर का नाही?



शाळा घोडेगावला, घर जुन्नरला. निकालपत्रकं त्याच दिवशी द्यायची होती आणि आठवीच्या गुणांची एक्सेल फाईल राहिली घरच्या संगणकावर! आदल्या रात्री घरात बसून फोनवरून तो संगणक उघडून बघितला होता, त्यामुळे मी निर्धास्त. शाळेत मोबाईल डेटावर मात्र नुसतं चाक फिरत राहिलं. हीच अडचण बऱ्याच जणांना येते, म्हणून आजचा हा पाठ.

दुरून यंत्र चालवणं आपल्या तालुक्याला नवं नाही. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, आणि त्या चालतात एकाच नियंत्रण कक्षातून. पण तिथे प्रत्येक अँटेनापर्यंत स्वतःची ऑप्टिकल फायबर पोचलेली आहे. आपल्या घरापर्यंतची वाट तशी सरळ नसते.

घरात संगणकाला राउटरने दिलेला पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा. तो फक्त घरापुरता. बाहेरून तो टाकून काहीच होणार नाही. मग लोक राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतात, तरीही जमत नाही. कारण आयपीव्ही-४ चे पत्ते अपुरे पडल्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. शाळेच्या ऑफिसात एकच फोन असतो ना, तसं समजा. बाहेरून फोन आला तर तो कुठल्या वर्गासाठी आहे हे शिपाईमामांना कळणार नाही. पण वर्गातून कुणी आधी बाहेर फोन लावला, तर त्याच लाईनवर उत्तर बरोबर येतं.

तुमच्याकडे तसंच आहे का, हे घरच्याच इंटरनेटवर तपासा. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' बघा. मग गुगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा. दोन्ही पत्ते वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, तर सीजीनॅट आहे असं समजायला हरकत नाही. (कोलन असलेला लांबलचक पत्ता दिसला तर तो आयपीव्ही-६ चा. तुलना चार आकड्यांच्या पत्त्याचीच करा.) घरी सिमवर चालणारा राउटर असेल तर बहुधा हेच दिसेल. आणि घरचं नेट तुमच्याच फोनच्या हॉटस्पॉटवर असेल, तर फोन तुमच्याबरोबर शाळेत आला की घरी नेटच नाही! हसू नका, आमच्या स्टाफरूममध्ये हे घडलंय.

उपाय म्हणजे आतून बाहेर फोन लावणारं साधन वापरायचं. क्रोम रिमोट डेस्कटॉप मोफत आहे. यात संगणक आणि फोन दोघेही आपणहून बाहेर जोडले जातात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. किमान सहा आकडी पिन ठेवा, जन्मतारीख नको. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप होम आवृत्तीच्या संगणकावर बाहेरून उघडता येत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. प्रो आवृत्ती आहे म्हणून कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घ्यायचा आणि ३३८९ पोर्ट सरळ उघडा ठेवायचा, हे तर मुळीच करू नका. असे उघडे पोर्ट शोधून पासवर्ड ठोकून बघणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर सतत फिरत असतात.

पालकांनो, हेच दार चोरालाही उपयोगी पडतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. अॅप वाईट नाही. पण 'केवायसी करून देतो, स्क्रीनवरचा कोड सांगा' म्हणणाऱ्याला तो कोड दिला, की तुमचा फोन त्याच्या हातात गेला. घरातल्या आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा.

आता माझं त्या दिवशी काय चुकलं? वरचं सगळं नंतर केलं, तरी एकदा पुन्हा अडलं, कारण संगणक झोपला होता. पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' बंद करा, स्क्रीन बंद झाली तरी चालते. लाईट गेली की राउटरही जातो, म्हणून तोही इन्व्हर्टरवर घ्या. रेंज कमी असेल तर चित्राचा दर्जा उतरवा. आणि फक्त फाईलच हवी असेल तर ती आधीच ड्राइव्हवर टाकलेली बरी.

निकालपत्रकाची ती फाईल शेवटी घरी फोन करून मेलवर मागवली.