सोडतीत नाव लागलं आणि आम्ही होनोलुलूला गेलो

अमेरिकन फुटबॉलमधल्या निवडक तारकांचा सामना म्हणजे प्रो बोल. 10 फेब्रुवारी 2008 चा हा सामना मी आणि माझ्या मुलानं होनोलुलूच्या अलोहा स्टेडियममध्ये बसून पाहिला. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत राहत होतो. खाद्यपदार्थांच्या एका कंपनीनं काढलेल्या सोडतीत माझं नाव निघालं होतं. त्या अनुभवातून जे शिकले, ते असं :

1. सोडतीत भाग घ्यायला काही विकत घ्यावं लागत नाही. आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून तिकिटावर चालते, म्हणून आपल्याला वाटतं की पैसे मोजल्याशिवाय नशीब अजमावता येत नाही. अमेरिकेत खाजगी कंपनीनं बक्षीस ठेवलं, विजेता केवळ नशिबावर ठरवला आणि वर भाग घ्यायला पैसेही मागितले, तर ती बेकायदा लॉटरी ठरते. त्यामुळे कंपन्यांना एक फुकटचा मार्ग ठेवावाच लागतो. त्या काळी तो मार्ग बहुधा टपालाचा असे : 3 बाय 5 इंचांच्या कार्डावर स्वतःच्या अक्षरात नाव-पत्ता लिहायचा आणि पाठवून द्यायचं. पुडा विकत घेणाऱ्याची आणि कार्ड पाठवणाऱ्याची संधी सारखीच. मी कार्डच पाठवलं होतं.

2. खरं बक्षीस तुमच्याकडे सही मागतं, पैसे मागत नाही. माझ्याकडे आधी फोन आला, मग कागदांचं पाकीट. मी अमेरिकेत कायदेशीर राहते, माझं वय अठराच्या वर आहे, माझ्या घरचं कोणी त्या कंपनीत नोकरीला नाही, असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर सही करून ठरलेल्या मुदतीत परत पाठवायचं होतं. मुदत चुकली की बक्षीस पुढच्या नावाला जातं. शिवाय करासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागतो. तो फोनवर कधीही सांगू नये. कंपनीचा नंबर स्वतः शोधून, उलट फोन करून खात्री करावी आणि मगच कागदावर लिहावा. एकूण बक्षिसांची किंमत 5,000 डॉलरच्या वर असेल, तर न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा या राज्यांत कंपनीला सोडतीची आधी नोंदणी करून तेवढ्या रकमेची हमी ठेवावी लागते. खात्री करायला हाही एक आधार आहे. भारतात आमच्या नात्यातल्या एका काकांना एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमाच्या नावानं 25 लाखांची लॉटरी लागल्याचा निरोप आला होता आणि आधी ‘प्रक्रिया शुल्क’ भरा म्हणत होते. शुल्क मागितलं, तिथेच ती फसवणूक ठरते. त्यापुढे एक शब्दही बोलू नये.

3. कर भरावा लागतो, आणि तो स्वतःच्या पैशांतून भरावा लागतो. बक्षिसाची किंमत तुमचं उत्पन्न धरली जाते. त्या काळी 600 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीचं बक्षीस असेल, तर कंपनी 1099 नावाचा फॉर्म विजेत्याला आणि कर खात्याला पाठवत असे. सोबत नेलेल्या माणसाचं विमानभाडंही विजेत्याच्याच नावावर चढतं. आमच्या घरी ह्यांनी कागद वाचल्या वाचल्या अंदाज काढून तेवढी रक्कम बाजूला ठेवली, त्यामुळे पुढच्या एप्रिलमध्ये कर भरताना ओढाताण झाली नाही. त्या आठवड्यातले विमानाचे आणि हॉटेलचे खरे दर छापून ठेवा. कर बाजारभावावर लागतो, आणि नियमावलीत लिहिलेली किंमत कधी कधी त्याहून जास्त असते.

4. बक्षीस दोघांचं असतं, कुटुंब चौघांचं असतं. ज्याला त्या खेळाचं वेड आहे, त्याला न्यावं. आमच्या घरात ते वेड मुलाला होतं. हे मुलीबरोबर घरी राहिले.

5. लोक म्हणतात, हा सामना लुटुपुटूचा. मला ते पटत नाही. खेळाडूंची निवड चाहते, खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या मतांनी होते, प्रत्येक गटाचा वाटा एक तृतीयांश. दुखापत नको म्हणून ब्लिट्झसारख्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर जास्तीचे खेळाडू धाडण्याच्या, डावपेचांना बंदी होती आणि टक्करही जरा हातचं राखून व्हायची, हे खरं आहे. पण म्हणूनच हेल्मेट काढलेली, हसणारी माणसं जवळून दिसायची. आमच्या बक्षिसात आदल्या दिवशीचा सराव पाहण्याचा पासही होता. मोसमभर एकमेकांना जमिनीवर लोळवणारे खेळाडू तिथे एकमेकांच्या मुलांना खांद्यावर घेऊन फिरत होते.

आणि त्या वर्षी तर मैदानावर एक जखम सोबत होती. वॉशिंग्टन संघाचा बचावपटू शॉन टेलर, वय 24, नोव्हेंबर 2007 मध्ये फ्लोरिडातल्या स्वतःच्या घरात शिरलेल्या चोरांच्या गोळीनं गेला होता. मृत्यूनंतरही मतं पडून तो प्रो बोलसाठी निवडला गेला. त्याच्या संघातले ख्रिस कूली, ख्रिस सॅम्युअल्स आणि ईथन ऑल्ब्राइट हे तिघेही त्याचा 21 क्रमांक घालून उतरले. टेलर ज्या बाजूकडून निवडला गेला होता, तो एनएफसी संघ पहिल्यांदा बचावाला आला, तेव्हा मुलानं माझा हात धरून म्हटलं, “आई, मोज.” मैदानात अकराऐवजी दहाच जण होते. टेलरची जागा रिकामी ठेवून त्यांनी पहिला डाव खेळला. यानंतर त्या सामन्याला लुटुपुटूचा म्हणणं मला जमणार नाही. पुढे एनएफसीनं तो 42-30 असा जिंकला आणि मिनेसोटाचा नवखा अॅड्रियन पीटरसन सर्वोत्तम खेळाडू ठरला.

6. स्टेडियमवर वेळेच्या खूप आधी जा. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये हवाई बेटांचा स्वतःचा संघ नाही. 1980 ते 2009 प्रो बोल दरवर्षी इथेच झाला, आणि तिथल्या माणसांना या तारका डोळ्यांनी पाहायची हीच एक संधी असायची. त्यामुळे पार्किंगमध्ये सकाळपासूनच तंबू, शेगड्या, आजी-आजोबांसकट अख्खी घरं. मी मांसाहार करत नाही म्हटल्यावर एका आजींनी भात, अननस आणि भाजलेली मक्याची कणसं पुढे केली, आणि त्यांचा नातू माझ्या मुलाशी संघांची नावं घेऊन वाद घालू लागला. आम्हाला बक्षिसात मिळालेल्या जागा चांगल्या होत्या. पण प्रेक्षकांमध्ये या सामन्याचा मान खरा त्या लोकांचा होता.

7. बक्षिसात काय नाही, तेही वाचा. आम्हाला विमान, हॉटेल आणि तिकिटं मिळाली. जेवण, सामानाचं भाडं आणि टॅक्सी आमची. तारीख बदलून मिळत नव्हती, बक्षीस दुसऱ्याला देता येत नव्हतं. न्यू जर्सी आणि हवाई यांच्या घड्याळांत हिवाळ्यात पाच तासांचा फरक असतो, म्हणून शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचा, नाहीतर सामन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात डोळे मिटतात.

आम्ही पाहिला तसा प्रो बोल आता होत नाही. 2023 पासून त्याऐवजी फ्लॅग फुटबॉल आणि कौशल्याच्या स्पर्धा घेतल्या जातात. मोठ्या सामन्यांच्या सहलींच्या सोडती मात्र अजून निघतात. अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरात खेळवेडं मूल असणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे : नियमावलीत फुकटचा मार्ग शोधा, तुमचं नाव पाठवा, आणि निघालंच तर कराची रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा.