राज्याभिषेकाचं नाणं घेण्याआधी

रायपुरात मराठी घरं भोसल्यांच्या काळापासून आहेत. आमच्या पुरानी बस्तीत जुन्या पेट्यांतून चांदीचे रुपये अजून निघतात, म्हणून नाणी विकणारेही इकडे फिरकतात. त्यांतल्या एकाने माझ्या हातावर नाणं ठेवलं. ‘काका, शिवराज्याभिषेकाचा चांदीचा रुपया, १६७४चा. तीन पिढ्या देवघरात होता.’ एका बाजूला महाराजांचं चित्र, खाली इंग्रजी अंकांत सन. खोटेपणा तिथेच उघडा पडला. महाराजांची नाणी म्हणजे सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराईवर चित्र नसतं. एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. भिंगातून पाहिलं तर अंगावर बारीक खड्डे आणि कडेला साच्याची रेघ. मी नाणं परत केलं. शेजाऱ्यांनी मात्र त्याच्याकडून घेतलं होतं. सदर बाजारातल्या सराफाने ते जर्मन सिल्व्हर ठरवलं. पावती नव्हती, माणूस सापडला नाही, पैसे गेले.

म्हणून सांगतो, कहाणीला पैसे मोजू नका. आधी नाणं तोला. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम.

पाचव्या जॉर्जचा १९११चा रुपया राज्याभिषेकाचा म्हणून दाखवतात. तो त्या वर्षीचा चलनी रुपया आहे. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि टांकसाळीतले बहुतेक रुपये वितळवले गेले, म्हणून तो दुर्मीळ. १९१२पासून सोंड स्पष्ट केली. सन १९११ आणि सोंड ठळक असेल, तर आकडा कोरून बदललेला समजा.

डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबाराचं मिळतं ते चांदीचं पदक. त्यावर मूल्य नसतं, वर फितीसाठी कडी असते. ब्रिटनचा १९०२च्या राज्याभिषेकाचा क्राऊन चांदीचा आहे, पण १९५३चा तांबं-निकेलचा. तो चांदीच्या भावाने घेऊ नका.

घरातलं नाणं चिंच किंवा राख लावून घासू नका. झळाळी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत पडते. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं, तेव्हा परदेशातल्या मुलांना भेट म्हणून पाठवू नका.

वजन आणि शुद्धता पावतीवर लिहून देणाऱ्याकडूनच घ्या. तो कां-कूं करत असेल, तर नाणं कितीही मनात भरलं तरी सोडून द्या.