अंधांची लिपी अंधांनीच निवडली

अंधांसाठी काम करणारी संस्था म्हटले की देणगी आणि वस्तुवाटप आपल्या मनात येते. इंग्लंडमधील एका संस्थेचा इतिहास मात्र वेगळा धडा देतो.

डॉ. थॉमस आर्मिटेज हे लंडनचे डॉक्टर. दृष्टी अधू झाल्याने त्यांना व्यवसाय सोडावा लागला. त्या काळी तेथे अंधांसाठी उठावाच्या अनेक लिप्या चालत. काहींत नेहमीचीच रोमन अक्षरे उठावाने छापलेली असत. ती डोळसांना सोयीची, पण बोटांना अवघड. शिवाय एक लिपी शिकलेल्याला दुसरीतील पुस्तक निरुपयोगी ठरे.

१८६८ साली आर्मिटेज यांनी अंध सहकाऱ्यांसह संस्था स्थापन केली. कार्यकारी मंडळात बोटांनी वाचणाऱ्यांनाच स्थान दिले. मंडळाने निरनिराळ्या लिप्या तपासून फ्रान्सच्या लुई ब्रेल यांची सहा टिंबांची लिपी निवडली. ब्रेल स्वतः अंध होते. त्यांची लिपी वाचता येते, तशीच अंधाला स्वतःच्या हाताने लिहिताही येते. तीच संस्था आज ‘रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ब्लाइंड पीपल’ म्हणून ओळखली जाते. भारतात १९५१ साली ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली; मराठीही याच सहा टिंबांत लिहिली जाते.

तात्पर्य, ज्याची गरज, त्याचाच निर्णय. विद्यार्थी मित्रांनो, अंध परीक्षार्थीचे लेखनिक म्हणून बसाल, तेव्हा तो सांगेल तेवढेच लिहा. हात तुमचा असला, तरी उत्तर त्याचेच असले पाहिजे.