वणव्याच्या वेगाचें गणित

वणवा कोणीकडून व किती वेळांत आपल्या बांधाशीं येईल, हें आपण आजवर धुराकडे पाहून अजमावीत आलों. आतां हें काम संगणकाकडून करवून घेतात. त्याची रीत शेतकरी बंधूंनीं समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम रानाच्या नकाशावर चौकटी आंखतात. प्रत्येक चौकटीचें जणूं एक पाहणीपत्रकच असतें: गवत आहे कीं झुडूप, सुकें जळण किती, त्यांत ओल किती, जमिनीस चढ किती. मग वाऱ्याची दिशा व जोर मांडावयाचा. पेटलेल्या चौकटींतून आग शेजारच्या चौकटींत केव्हां पोंचेल, हें काढण्याचें समीकरण अमेरिकेच्या वनखात्यांतील रिचर्ड रॉदरमेल यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलें. तें अद्याप वापरांत आहे. त्याचें मर्म साध्या भागाकाराचें आहे. जळणारें गवत पुढच्या गवतास जी उष्णता देतें, तिला तें गवत पेटण्यास लागणाऱ्या उष्णतेनें भागावयाचें. ओलें जळण आपलें पाणी आटविण्यांतच पुष्कळ उष्णता खातें. म्हणून सकाळीं दंवांत रेंगाळणारा वणवा दुपारीं आवरत नाहीं. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात व तें आधींच तापतें. दहा अंशांच्या चढावर वेग सुमारें दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियांतील आडाखा आहे.

खरी कसोटी वारा फिरला म्हणजे लागते. एका दिशेच्या वाऱ्यानें वणवा अंड्यासारखा लांबट पसरतो. तोंड धांवतें, बगला हळूहळू रुंदावतात. परंतु वारा आडवा झाला कीं लांबलचक बगल हेंच तोंड बनतें. ७ फेब्रुवारी २००९ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत असेंच घडलें. दिवसभर वायव्येचा तप्त वारा होता; सायंकाळीं तो नैर्ऋत्येचा झाला, आणि किल्मोर ईस्टच्या आगीची बगल कित्येक मैलांची आघाडी होऊन पुढें सरली. त्या एका आगींत ११९ माणसें दगावलीं. त्या दिवशींच्या सर्व वणव्यांत मिळून १७३. अशा आगींत ठिणग्याहि वाऱ्यानें कित्येक मैल पुढें पडतात व तेथें नवी आग लागते.

वाऱ्याचा नेम नसल्यामुळें हल्लीं तेंच गणित थोडाथोडा वारा बदलून शेंकडों वेळां करतात, आणि कोणती चौकट किती वेळां जळाली तें मोजतात. ज्या गांवाची चौकट पुनःपुन्हा जळते, त्यास आधीं निघावयास सांगावें, हें उघड आहे.

मात्र भरणा खरा पाहिजे. घरीं बसून भरलेलीं पाहणीपत्रकें आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिलीं. बेरीज बिनचूक, पीक मात्र शेतांत निराळेंच! गतवर्षीं चरून मोकळें झालेलें कुरण यंदा कमरेइतकें माजलें असेल व चौकटींत जुनीच नोंद असेल, तर उत्तर चुकणारच.

आपल्या डोंगरउतारांवर जाळरेषा काढतात, तिचीहि परीक्षा या रीतीनें आधीं करतां येते. एक पट्टा जळणावांचून दाखवावा व आग अडते कीं ओलांडते तें पाहावें. भर चढावरील रेषेपेक्षां माथ्यावरील रेषा बहुधा सरस ठरते. कारण माथा ओलांडल्यावर पलीकडील उतारावर आगीचा वेग मंदावतो.