जुन्या ट्रॅक्टरचे दिवे : दोष आणि त्यांचा शोध

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर भागात भातशेतीचे वेळापत्रक पाण्यावर ठरते. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे पाणी कालव्यांत उतरले की चिखलणीची घाई सुरू होते आणि ट्रॅक्टर पुष्कळदा अंधार पडल्यावरही चालवावा लागतो. परतीच्या अरुंद वाटेवर माणसे आणि गुरे असतात. अशा वेळी मंद दिवा ही केवळ गैरसोय राहत नाही; तो धोका ठरतो.

जुन्या ट्रॅक्टरमधील विद्युत् मंडल साधे असते. बॅटरीतून निघालेला प्रवाह स्विच व फ्यूज यांतून दिव्याकडे जातो. परतीसाठी मात्र बहुधा वेगळी तार नसते. प्रवाह ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यातूनच बॅटरीकडे परततो. दोषाचे मूळ अनेकदा याच परतीच्या मार्गात असते. चिखल, पाणी आणि खतातील क्षार यांमुळे जोडावर गंज चढतो व रोध वाढतो.

हा रोध किती घातक ठरतो, ते पाहू. ३६ वॉटच्या दिव्याला १२ व्होल्टवर ३ अँपिअर प्रवाह लागतो, तर ६ व्होल्टवर ६ अँपिअर. जोडात अर्धा ओहम रोध आल्यास पहिल्या दिव्याची शक्ती सुमारे २८ वॉटवर येते. दुसऱ्याची मात्र सुमारे १६ वॉटवर. म्हणून ६ व्होल्टच्या जुन्या यंत्रात स्वच्छ जोडांना विशेष महत्त्व आहे.

तपासणी क्रमाने करावी. प्रथम बॅटरीचा दाब मोजावा. १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. नंतर दिवा लावून त्याचे धातूचे कवच आणि बॅटरीचे सांगाड्याला जोडलेले अग्र यांच्यामधील दाब मोजावा. तो जवळजवळ शून्य असला पाहिजे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आढळल्यास परतीचा जोड खरवडून स्वच्छ करावा व घट्ट आवळावा.

फ्यूज वारंवार जळत असेल, तर जाड तार घालून वेळ निभावू नये. तसे केल्यास तारच पेटते. आवरण घासून उघडी पडलेली तार सांगाड्याला कोठे टेकते, ते शोधावे. इंजिनाचा वेग वाढताच दिवे अतिशय प्रखर होत असतील, तर बॅटरीचे जोड व डायनॅमोचा नियामक तपासावा.

एक सावधगिरी आवश्यक आहे. त्या काळच्या काही ट्रॅक्टरांत, उदाहरणार्थ फोर्ड एट-एनमध्ये, बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असते. ते पाहिल्याखेरीज नवी बॅटरी बसवू नये. दुरुस्तीपूर्वी सांगाड्याकडील जोड प्रथम सोडावा आणि काम संपल्यावर तो सर्वांत शेवटी जोडावा. बॅटरीजवळ विस्तव आणू नये, कारण भारित होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो.

नवा दिवा विकत घेण्यापूर्वी जुना जोड स्वच्छ करून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच वाट उजळते.